हिरव्या पानाचा गुन्हा

सोमू, लक्ष्मणचा फोन आला तेव्हा मी तुझ्याशीच भांडत होते. मनातल्या मनात. निवृत्त झाल्यापासून नांदेडच्या या दोन खोल्यांत मला दुसरं काम तरी काय? सकाळी चहा ठेवायचा, तू मागल्या खेपेला काय बोलली होतीस ते आठवायचं आणि त्यावर आता सुचलेलं उत्तर द्यायचं. त्या दिवशी उत्तर फार चांगलं सुचलं होतं. तेवढ्यात तुझा पोरगा म्हणाला, "बाई, माय गेली," आणि माझं उत्तर घशातच राहिलं. ते आता कुणाला सांगू? दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आधी प्रश्न समजावून सांगावा लागेल, आणि तो प्रश्न आपल्या दोघींशिवाय कुणाला पडलेलाच नाही.

खरं सांगते, आधी रडू आलं नाही, राग आला. आधी मी जाणार असं ठरलं होतं. मी शहरातली, गोळ्यांवर जगणारी. तू रानातली, काटक. तूच म्हणायचीस, "बाई, तुमचं म्याच करीन, तुमचं हाय कोण?" बोलल्याला जागणारी बाई तू, आणि नेमक्या याच बाबतीत शब्द फिरवलास. चहा उतू गेला तो पुसता पुसता मला रडू फुटलं, ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही.

आपली गाठ पडली तेव्हा मी विशी नुकती ओलांडलेली होते. मी औशाकडची, कांबळ्यांची पोर. आमच्या उघड्या रानात झाड म्हणजे बांधावरची बाभळ. पहिली नेमणूक मिळाली ती थेट किनवटच्या जंगलात, तुमच्या गुड्यावर. गुडा म्हणजे तुमची गोंडांची वस्ती: मूठभर घरं, शाळेची एक खोली आणि चहूकडे साग. इतकी झाडं एकदम बघून मला कोंडल्यासारखं झालं होतं. पहिल्याच दिवशी तू आलीस, माझी ट्रंक, स्टोव्ह, पुस्तकं सगळं हात लावून पाहिलंस आणि ओट्यावर बसून चौकशी सुरू केलीस.

"बाई, तुमचा मालक?"

"नाही."

"देव कोणते तुमचे?"

"तेही नाहीत."

"मंग तुमी भांडता कोणाशी?"

त्या दिवसापासून तुझ्याशी. सोय झाली माझी.

देव नाहीत म्हणजे काय, हे तुला किती वेळा सांगितलं असेल मी. धम्म घेतला त्या साली आमच्या आज्याने घरातले सगळे देव एका पाटीत भरून विहिरीत सोडले होते. दुसऱ्या घरांत पोरांना राजा-राणीची गोष्ट सांगत, आमच्यात ही. पाटी किती जड होती, पाण्याचा आवाज कसा झाला, आज्जी मागे कशी उभी होती, सगळं मला पाठ. तुला पहिल्यांदा सांगितली तेव्हा वाटलं होतं, तू दचकशील. तू विचार करून म्हणालीस, "विहिरीचं पानी गोड झालं का मंग?" मी चिडले. पण खोटं कशाला सांगू, मीही घरी जाऊन आईला तेच विचारलं.

तुझा नवरा कटोडा, म्हणजे गुड्याचा पुजारी. अबोल माणूस. तुमच्या वावराच्या टोकाला, नाल्याकाठी देवाचं बन होतं. जमीन कागदावर तुमच्या घरची, बन मात्र सगळ्या गुड्याचं. आत कवेत न मावणारे साग, मधोमध मोह आणि त्याला खेटून एक वड. त्या मोहाखाली तुमचे पेन. तुमच्यात देवाला पेन म्हणतात, हे मला तूच शिकवलंस. बनाचे नियम साधे होते. आत लोखंड न्यायचं नाही. हिरवं पान तोडायचं नाही, खाली पडेल तेवढंच घ्यायचं. मोहाची पहिली फुलं पेनाला दाखवल्याशिवाय गुड्यात कुणी एक फूलही उचलायचं नाही, मग ते बनातलं असो की रानातलं. आणि बाईमाणसाने आत पाऊल टाकायचं नाही. पहिले तीन नियम ऐकून मी मान डोलावली, चौथा ऐकला आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"असला कसला देव तुझा, सोमू? तुला दाराशी उभी करत नाही आणि तू त्याच्यासाठी पत्रावळी शिवत बसतेस."

"भाकरी तर माझ्याच हातची खाऊन राहिला ना? पानबी माझंच. उपाशी ठेवलं तं कळन त्याला."

असं तुझं. देवाशीही तुझा संसारच चालायचा, रुसणं-फुगणं, टोमणे, सगळं धरून.

मग दोन पावसाळे कोरडे गेले. नाला आटला, पुढे पैनगंगेच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरायची पाळी आली. त्याच सुमारास तिकडे आमचा लातूर जिल्हा झाला. अण्णांचा, माझ्या वडलांचा, निरोप आला की आता जिल्हा आपला झाला, नव्या कचेऱ्या निघतात, नव्या जागा भरतात, अर्ज कर आणि ये. आमच्या गावात त्या दिवशी पेढे वाटले म्हणे. प्यायला पाणी नव्हतं, पण पेढे होते. मी अर्ज करणारच होते. तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "जा की. पन मोह पडेस्तोवर थांबा. उपाशी पोटी आमी कोणाला वाटंला लावत न्हाई."

त्या हिवाळ्यात तुझा नवरा तापाने गेला. लक्ष्मण तेव्हा तुझ्या कडेवर. तुझं ते रिकामं कपाळ मला बघवत नव्हतं आणि तू माझ्याकडे बघून म्हणायचीस, "आता तुमच्यासारखंच झालं, बाई. आता तरी पटंन आपलं." रडताना माणसाला हसवायची ही तुझी खोड. नवऱ्यामागे पूजेचा मान आला तुझ्या दिराकडे, सोनेरावकडे.

आणि मग नव्या जिल्ह्यातला एक ठेकेदार तुमच्या दारात येऊन उभा राहिला. तिकडे बांधकामं निघाली होती, दारं-खिडक्यांना साग हवा होता, आणि बनातल्या सागाची गोष्ट कुणीतरी त्याच्या कानावर घातली होती. निघाला माझ्याच भागातला. "बाई, तुम्ही आपल्याकडच्या, जरा समजावून सांगा ह्या लोकांला," म्हणत माझ्याच ओट्यावर चहा प्यायला. माणूस गोड होता, तीच अडचण. त्याचं म्हणणं असं, की देवाला उन्हातान्हात झाडाखाली कशाला ठेवायचं? मी सिमेंटचं देऊळ बांधून देतो, आत फरशी, वर कळस. माहूरहून पुजारी आणतो. देव वाजतगाजत देवळात न्या. मागे राहील ते नुसतं रान. ते मी तोडतो, आणि तोडणीचं काम सगळ्या गुड्याला देतो.

सोनेराव कबूल झाला. गुड्याचा म्होरक्या म्हातारा पाटील, तोही अर्धा वळला होता. त्यांना नावं कशी ठेवू? घरोघरी कणग्या झाडून झाल्या होत्या. पण देव हलवायचा ठरला आणि एक भलताच पेच पडला. मोह फुलला होता, आणि सोनेराव बनात पूजा करायला तयार होईना. "पेन आता देवळात जाऊन राहिला. मोह तिथंच दाखवू," म्हणाला. देऊळ अजून पायाच्याही वर आलं नव्हतं. म्हणजे तोवर कुणी मोह उचलायचा नाही.

ती सकाळ मी विसरणार नाही. रानभर फुलांचा सडा, तो उग्र गोड वास, शेळ्या खातात, माकडं खातात आणि माणसं लांब उभी राहून बघतात. शाळेत पोरं पाटीवर डोकं टेकून झोपायची. मी तशीच तुझ्या घरी आले. भांडायलाच आले होते.

"उचल फुलं आणि शिजव. देवाने विचारलं तर माझं नाव सांग."

"तुमचं नाव त्याला म्हाईत न्हाई."

"लेकरू उपाशी आहे, सोमू."

तू लक्ष्मणला मांडीवरून उतरवलंस आणि पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवलास. "मला दिसत न्हाई का? बाई, आज म्या न इचारता मोह उचलला. उद्या माझा दीर म्हनंन, वहिनी, तुमी मोहाला इचारलं न्हाई, म्या सागाला कामून इचारू? मंग म्या काय बोलू त्याला? सांगा ना, तुमी शिकेल हायत."

हाच तो प्रश्न, ज्याच्याशी मी जन्मभर भांडले. पण तेव्हा मी गप्प बसणारी नव्हते. उत्तर नसलं की आवाज मोठा करायचा हा माझा स्वभाव. मी म्हणाले, "मग तू विचार. सोनेराव विचारत नाही ना? तुझ्या तोंडाला कुलूप आहे का?"

"म्या? बाईमानूस? त्यात पांढऱ्या कपाळाची?"

"पत्रावळ तुझी चालते, भाकरी तुझी चालते. तोंडच तेवढं चालत नाही होय?"

लक्ष्मणला परत मांडीवर घेतलंस आणि भिंतीकडे बघत बसलीस. मी तणतणत निघून आले. मला वाटलं, आपलं बिनसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा गुडा बनाच्या कडेला जमला होता, कारण तू दारोदार जाऊन सांगितलं होतंस, मोह दाखवायला चालले म्हणून. सोनेराव आडवा उभा. पाटील काठीवर हनुवटी ठेवून बसलेला.

"भाऊजी, तुमी करता का पूजा?" तू विचारलंस. "करा. म्या घरी जाते."

सोनेरावने मान फिरवली. केली असती तर देव बनातलाच ठरला असता.

"तुमी करत न्हाई, मला करू देत न्हाई. लेकरायनं काय खावं, ते तरी सांगा."

शेवटी मागून एक म्हातारी म्हणाली, "जाऊ द्या तिला. भुकंला बाई-बाप्या नसते." आणि तू आत गेलीस. आम्हाला बाहेरून तुझी पाठ दिसत होती. पूजेचे बोल तुला माहीत नव्हते, कसे असणार? तू मला मागून सांगितलंस, "जेवाय बसवताना हाका मारते ना, तशा मारल्या. आजे, पणजे, जेवढे आठवले तेवढे." मग वाकून तू पडलेली फुलं ओंजळीत घेतलीस. इकडेतिकडे पाहिलंस. फुलं ठेवायची पत्रावळ घरून न्यायची असते. ती नव्हती. दर वर्षी जी तू स्वतः शिवून नवऱ्याच्या हाती द्यायचीस, ती. तू हात वर केलास, वडाचं एक हिरवं पान तोडलंस, त्यावर फुलं ठेवलीस आणि पेनापुढे मांडलंस.

मग पाटील हळूच म्हणाला, "गुन्हा झाला."

आणि सोनेराव भडकला. बाई आत गेली ते गेली, बनातलं जितं पान तोडलं. असा गुन्हा आज्या-पणज्यांनी ऐकला नव्हता. हिला मोठ्यात मोठा दंड झाला पाहिजे, लहानसहान नाही, मोठा. तो इतका ओरडला की पाटलाला त्याचं ऐकणं भाग पडलं. म्हाताऱ्याने बाकीच्या म्हाताऱ्यांशी गोंडीत बोलून घेतलं आणि उभा राहिला. पेनाने मोह पाहिला तो पाहिला, लोकांनी उचलावा. पण पान तोडून पेनाला दुखवलं. मोठा दंड मागितला, तर मोठा दंड हाच आहे: पुढल्या मोहापर्यंत बनात लोखंड जाणार नाही, आणि गुन्हा फिटल्याशिवाय पेन जागचा हलवायचा नाही.

"मान्य हाय का?" पाटलाने विचारलं. सगळे "हाव" म्हणाले, म्हणजे तुमच्याकडचं हो. सोनेरावही म्हणाला. आपण काय बोलून बसलो ते त्याला घरी जाताना कळलं असावं, कारण नंतर तो बराच काळ माझ्याशी बोलला नाही, जसं काही मीच त्याच्या तोंडात शब्द घातले होते.

ठेकेदाराने कपाळावर हात मारून घेतला. "एका पानापायी?" म्हणाला. वर्षभर थांबायला त्याला सवड नव्हती, दारं-खिडक्या अडल्या होत्या. तो पलीकडच्या एका गुड्यात गेला. तिथे देऊळ झालं. पुढे मी ते पाहून आले, रंगवलेलं, जाळीच्या दाराचं. भोवती झाड एक नाही, पायाला फरशीचे चटके बसतात. तिथल्या लोकांनी काही पाप केलं असं मी म्हणणार नाही. त्यांनाही भूकच लागली होती. त्यांच्यात फक्त कुणी सोमू नव्हती.

त्या दिवशी तू शिजवलेला मोह मी पहिल्यांदा खाल्ला, उकडून, वर भाजलेले तीळ घातलेला. गोड आणि जरा उग्र. मी दोनदा मागून घेतला आणि तू बघत राहिलीस. लातूरचा अर्ज मी केलाच नाही. अण्णा फार रागावले, जिल्हा आपला झाला आणि ही जंगलात बसली म्हणाले. त्यांना कसं सांगू, की माझ्याशी बरोबरीने भांडणारं माणूस मला तिकडे कुठे मिळणार होतं?

पुढल्या वर्षी पाऊस झाला, पोटं भरली, आणि मोह फुलला तसा, पान न तोडता पूजा करून, गुन्हा फेडायचा दिवस आला. बायकांनी हट्ट धरला की सोमूच आत जाईल. तू गेलीस. फुलं गोळा केलीस. इकडेतिकडे पाहिलंस, हात वर केलास आणि पुन्हा एक हिरवं पान तोडलंस.

"मागल्या सालची सवय लागली," बाहेर येऊन तू साळसूद चेहऱ्याने म्हणालीस.

पाटलाने डोळे मिटले. उघडले. "गुन्हा झाला," म्हणाला, आणि मिशीत काहीतरी लपवत मान खाली घातली. त्यानंतर तू एकही साल चुकवलं नाहीस. एक पाटील गेला, दुसरा आला. तू दर वर्षी चुकायचीस, गुडा दर वर्षी दंड लावायचा, आणि बन दर वर्षी आणखी एका सालापुरतं वाचायचं. मोजणीवाले आले, रस्तावाले आले, तारवाले आले. पाटील प्रत्येकाला पाणी देऊन गंभीरपणे सांगायचा, "सायेब, सध्या गुन्हा चालू हाय. पुढल्या मोहाला या." सरकारी माणसाला चालू प्रकरण म्हटलं की लगेच समजतं. आजूबाजूचं जंगल डोळ्यांदेखत विरळ झालं, आपण ते थांबवू शकलो नाही. बन मात्र आहे तसं आहे.

मी तुला किती वेळा विचारलं असेल: पहिल्या वर्षी ती पत्रावळ खरंच विसरली होतीस, की मुद्दाम? कधी म्हणायचीस, "हात गेला, बाई." कधी, "लेकरू रडत व्हतं, ध्यान न्हाई राहिलं." कधी उलट मलाच, "तुमी तोंड उघडलं म्हनून म्या आत गेले. इसरले ते तुमच्याच पायी." गेल्या दिवाळीला तुला दम लागत होता, तेव्हा मी पुन्हा विचारलं. मस्करी बाजूला ठेवून विचारलं. तू माझा हात धरलास.

"बाई, तुमाला कोणतं उत्तर पायजे?"

"खरं."

"खरं पेनाला म्हाईत."

"पेन नाहीत, सोमू."

"मंग कोणालाच म्हाईत न्हाई," म्हणालीस आणि हसत हसत खोकलीस. आपलं शेवटचं भांडण ते. त्यातही तूच जिंकलीस.

सगळी भांडणं तूच जिंकलीस असं मात्र समजू नकोस. पोरींना शाळेत घालायचं भांडण मी जिंकले. लक्ष्मणच्या तापाला नुसत्या अंगाऱ्यावर सोडायचं नाही हेही मी जिंकले. तू अंगारा लावलास आणि मी दवाखान्यात नेलं, आणि बरा झाल्यावर श्रेय कुणाचं यावर आपण आठवडाभर बोललो नाही. तुला वाचायला शिकवण्यात मात्र हरले. "मला वाचाया आलं तं तुमी काय करान?" म्हणायचीस. आणि एका गोष्टीसाठी मी तुझी जन्माची ऋणी आहे. इतक्या वर्षांत तू मला एकदाही तुझ्या देवाच्या पाया पडायला सांगितलं नाहीस. मी बनाच्या कडेला चप्पल घालून उभी राहायचे, लोक माझ्या पायांकडे बघायचे, आणि तू म्हणायचीस, "बाईचं बाईपाशी. त्यायचा आजा लई जड पाटी उचलून गेलता." माझ्या आज्याचा असा मान आमच्या गावातही कुणी राखला नाही गं.

त्या दिवशी चहा ठेवताना सुचलेलं उत्तर सांगून टाकते. तू विचारलं होतंस, मोहाला विचारायला देव लागत नसेल तर सागाला का लागेल? मला सुचलं ते असं, की विचारायला देव लागत नाही, सोमू, तोडायच्या आधी माणसाचा हात थांबला म्हणजे झालं. फार खूश झाले होते मी. आणि आता तू नाहीस तर मलाच ऐकू येतं, तू काय म्हणाली असतीस. "हाव. पन भुकेला हात थांबवंन कोण?"

तुझ्या दिवसांना मी आले. सगळं करून झाल्यावर लक्ष्मण माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "बाई, माय पेनात मिळाली." मी मान हलवली, पण मला तेव्हा आपली एक जुनी बोलाचाली आठवत होती. माझ्या खोलीत बुद्धाची तसबीर होती, ती बघून तू विचारलं होतंस, हे तुमचे पेन का? मी तासभर समजावलं की नाही, हा देव नव्हे, हा माणूस होता, तुझ्या-माझ्यासारखा. तू म्हणालीस, "मंग आमचे तरी कोन हायत? आमचेबी मानसंच व्हते. मेले, मंग पेन झाले." मी तेव्हा विषय बदलला. म्हणजे आता तूही त्यांच्यात. मोहाखाली, सासरच्या सगळ्या आज्या-पणज्यांबरोबर, ज्यांना तू जेवायच्या हाका मारल्या होत्यास. आता मला सांग, देव न मानणाऱ्या बाईने याचं काय करायचं?

मोह पडायला लागला तशी मी पुन्हा आले. राहवलं नाही. सोनेरावचा मुलगा बाहेरगावी बांधकामात चांगला कमावतो. तो तुझ्या दिवसांतच बोलून गेला होता, की म्हातारी होती तोवर ठीक, आता पेनाला एक चांगलं देऊळ बांधून टाकू. गुन्हा यंदा फिटणार होता. पान तुटलं नाही तर पेन हलवायला मोकळा, आणि बन तोडायला. आत जायची होती तुझी सून, कमल. अंगणवाडी चालवते, माझ्याच शाळेत शिकलेली. हिला हे पानाचं वेड वाटत असेल का, मी तिला विचारावं का, काही कळेना. अखेर विचारलं नाही. तुमच्या घरच्या गोष्टीत मी कोण बोलणार?

कमल निघाली तसं मी आधी तिच्या हाताकडे पाहिलं. तिच्या हातात पत्रावळ होती. नीट शिवलेली, तुझ्यासारखीच. ती आत गेली, तिने हाका मारल्या, फुलं वेचली, पत्रावळीवर ठेवली, पेनापुढे मांडली. कुठेही काही चुकलं नाही. सोनेरावचा मुलगा माझ्याकडे बघून हसला, वाईटपणे नव्हे, झालं एकदाचं असं. मग कमल उठता उठता थांबली. पुन्हा वाकली, आणखी एक ओंजळ भरली, वर पाहिलं, आणि वडाचं एक हिरवं पान तोडलं.

"गुन्हा झाला," पाटील म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

कमल बाहेर आली. डोळे भरलेले, पण आवाज तुझा. "आत्याची पत्रावळ आणायची इसरले. आत्या या सालीच पेनात गेल्या ना, एक पान जास्तीचं लागते, ध्यानातच न्हाई राहिलं."

कुणी हसलं नाही. पाटलाने दंड सांगितला, तोच, दर वर्षीचा. या साली गुन्हा सोमूबाईचा धरायचा, पुढल्या मोहापर्यंत तिचं बन, तिथे लोखंड जाणार नाही. मग त्याने सगळ्यांकडे फिरून पाहिलं आणि विचारलं, "मान्य हाय का?"

सोमू, इतकी वर्षं या सवालाला मी तोंड मिटून उभी राहिले. देव माझा नव्हता, म्हणून गुन्ह्यातही मी नव्हते. यंदा सगळ्यांच्या आधी माझाच आवाज निघाला. हाव.